म्हशीला काय पाजू?

२०१६च्या मे महिन्यात पुण्यातल्या आमच्या सोसायटीनं लातूरसाठी पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. कल्पना माझी होती. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागल्याची बातमी मार्चमध्येच वाचली होती, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली होती, आणि घरात नळ सोडताना हात अडखळत होता. पंधरा दिवसांत साठ खोकी जमली. एका खोक्यात लिटरच्या बारा, म्हणजे सातशे वीस बाटल्या. आम्ही ठरवलेला छोटा हत्ती टेम्पो तेवढ्यानंच भरला. त्याच्या मागोमाग आम्ही चौघं गाडीनं निघालो. इंदापूरच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवागार ऊस उभा होता. आम्ही एका रसवंतीवर थांबून रस प्यायलो आणि पुढे गेलो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

औसा तालुक्यातलं ते गाव साधारण चौदाशे वस्तीचं. मारुतीच्या पारावर खोकी उतरवली, घरटी दोन-तीन बाटल्या द्यायला सुरुवात केली. सत्तरीच्या एक आजी पुढे आल्या. बाटल्या पदरात घेतल्या, माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "लांबून आलीस माय, बरं केलंस. पण म्हशीला काय पाजू?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं, आणि पुण्याहून पाणी घेऊन आलेल्या माणसाला ते ठाऊक असेल असं त्यांना वाटलं होतं.

घरी परतल्यावर हिशेब मांडला. बाटल्यांचे सात हजारांवर, टेम्पोचं भाडं धरून सतरा हजारांच्या आसपास खर्च. सातशे वीस लिटरला सतरा हजार, म्हणजे लिटरला तेवीस-चोवीस रुपये. माणशी अर्धी बाटली. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरनं पाणी द्यायचं सरकारी माप दरडोई दिवसाला २० लिटर. त्या मापानं आमचं पाणी छत्तीस माणसांना एक दिवस पुरलं असतं. गावाला रोज लागत होतं २८ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. ऐन टंचाईत खासगी टँकर दोन हजारांना एक धरला, तरी आमच्या पैशात आठ टँकर आले असते, ऐंशी हजार लिटर.

हे आकडे मी कुणाचं मन मोडायला मांडत नाही. बाटल्या देणारी माणसं भली होती. आमच्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी स्वतःच्या पगारातून एक खोकं आणून दिलं होतं. त्या खोक्याचं मोल मी रुपयांत करणार नाही. पण म्हणूनच हा प्रश्न मला टाळता येत नाही. इतक्या मनापासून दिलेलं दान इतकं तोकडं पडत असेल, तर देणाऱ्यानं थांबून विचार करायला हवा. दुष्काळाला बाटलीबंद पाण्याचं दान हे शहाणपणाचं उत्तर नाही, असं माझं मत आहे. काही थोड्या ठिकाणी ते योग्य असतं, त्याबद्दल पुढे बोलेनच.

पाणी देणं हे आपल्याकडे फार जुनं पुण्य आहे. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देतात. चैत्र-वैशाखात रस्त्याकडेला रांजण मांडून, त्यांना ओलं फडकं गुंडाळून पाणपोई चालवणारी माणसं माझ्या लहानपणी गावोगाव होती. बाटल्या देताना आपल्या मनात तीच पाणपोई असते. पण पाणपोई असते वाटसरूसाठी. तो थकून येतो, ओंजळभर पितो, घोटभर डोक्यावर मारतो आणि वाटेला लागतो. त्याची तहान आत्ताची आहे, पुढच्या गावात त्याचं घर आहे, घरी पाणी आहे. दुष्काळात सापडलेला माणूस मात्र आपल्या घरीच बसलेला असतो. त्याला कुठे जायचं नसतं, किंबहुना जावं लागू नये म्हणूनच तो झगडत असतो. त्याला पाणी लागतं ते भाकरीचं पीठ मळायला, भांडी घासायला, लेकराला अंघोळ घालायला, पाळीचे कपडे धुवायला, आजारी माणसाचं अंथरूण साफ करायला. प्यायला लागतं त्यातलं तीन-चार लिटर. आणि दावणीला म्हैस असेल तर एकटी ती उन्हाळ्यात दिवसाला साठेक लिटर पिते. साठ बाटल्या. पाणी नाही म्हणून म्हैस बाजारात गेली की पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी घरात दूध येत नाही, हातात रोजचा पैसा येत नाही. आजींचा प्रश्न हा होता.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो वजनदार आहे: वापरायला टँकर आहेच, पण निदान प्यायला तरी शुद्ध पाणी द्यावं ना? टँकरचं पाणी कुठून भरलंय याचा भरवसा नसतो. ते विहिरीत ओततात, त्या गढूळ पाण्यात पन्नास पोहरे पडतात आणि आठवड्याभरात गावात जुलाब सुरू होतात. हे खरं आहे, मी पाहिलं आहे. पण याला उपाय ब्लीचिंग पावडरचा आहे, मेडिक्लोर या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाच्या बाटलीचा आहे, आणि विहिरीऐवजी नळ बसवलेल्या बंद टाकीत टँकर रिकामा करण्याचा आहे. मेडिक्लोरची छोटीशी बाटली एका घराचे कितीतरी हंडे निर्धोक करते. बाटलीबंद पाणी तीच निर्धोकता शेकडो किलोमीटरवरून, डिझेल जाळून, प्लॅस्टिकसकट आणतं. शिवाय ते पाणी आकाशातून बाटलीत पडलेलं नसतं. बाटल्या आणि जार भरणारे किती तरी कारखाने बोअरच्याच पाण्यावर चालतात, आणि आरओ यंत्रातून जेवढं गोड पाणी निघतं त्याच्या बरोबरीनं, कधी त्याहून जास्त, पाणी वाया सोडलं जातं. एका जमिनीतला उपसा करून दुसऱ्या जमिनीची तहान भागवायची हा व्यवहार मला पटत नाही.

तरीही बाटली कुठे हवी? तान्ह्या बाळांसाठी, दवाखान्यात, गावाच्या उद्भवाचं, म्हणजे मूळ स्रोताचं, पाणी विषारी ठरलं आणि दुसरी सोय व्हायला चार दिवस लागणार असतील तिथे. आणि पुरात नक्कीच. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा चहूकडे पाणी होतं आणि पिण्याचा थेंब नव्हता, कारण कोल्हापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. तेव्हा महाराष्ट्रभरातून गेलेल्या बाटल्या लाखमोलाच्या होत्या. पूर ओसरला, पंप सुरू झाले, बाटल्यांचं काम संपलं. पूर येतो रातोरात. दुष्काळ तसा येत नाही. तो सहा महिने आधी नोटीस देतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नजर पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज, लागते, डिसेंबरात अंतिम. ती पन्नास पैशांच्या आत आली की काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबरपासून जूनपर्यंतच्या तीन टप्प्यांत आखला जातो. आपल्याला मात्र दुष्काळ दिसतो मे महिन्यात, भेगाळलेल्या तळ्याचा फोटो छापून आला की. तोवर जे करता आलं असतं ते करायची वेळ गेलेली असते, उरते ती बाटली.

पाणी बाहेरून आणावंच लागलं तर ते कसं आणावं, याचं उदाहरण त्याच लातुरात आहे. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीडबे, साफ करून १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून 'जलदूत' पहिल्यांदा लातूरला पोचली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं. जवळपास साडेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास. त्या गाडीवर टीका झाली, पण मी तिच्या बाजूची आहे. शहर उठून जाण्याची वेळ आली होती, आणि ते वाचलं. तरी हिशेब बघा: चार-पाच लाख वस्तीच्या शहरात २५ लाख लिटर म्हणजे माणशी पाच-सहा लिटर. पन्नास वाघिणींची अख्खी रेल्वे आणून हंडाही भरत नव्हता. त्याच्यापुढे आमच्या छोट्या हत्तीची काय कथा!

आता जो हिशेब सांगते तो मला एका जलसंधारणाच्या शिबिरात कळला, आणि त्यानंतर माझं डोकं या विषयात वेगळ्या दिशेनं चालू लागलं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. एक टँकर. हजार हेक्टरचं शिवार असलेल्या गावात वाईट वर्षी ४०० मिलिमीटरच पाऊस झाला, तरी आकाशातून चार लाख टँकर पडले. आणि चौदाशे माणसांना २० लिटरच्या मापानं वर्षभर लागतं १ कोटी २ लाख लिटर, म्हणजे एक हजार बावीस टँकर. चार लाखांतले हजार! त्यातलं पुष्कळ वाफ होऊन जातं, पुष्कळ पिकं पितात, पुष्कळ वाहून जातं, हे सगळं धरूनही, हजार टँकर राखून ठेवता येऊ नयेत?

ते जातात कुठे, हे आम्ही रसवंतीवर बसून पाहिलं होतं. पाटानं पाणी दिलेल्या एक एकर उसाला हंगामात ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे अख्ख्या गावाचं टंचाईच्या मापातलं वर्षाचं पाणी एक-सव्वा एकर ऊस पितो. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो, हे केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगानंच म्हटलेलं आहे. ऊस लावणाऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही. तुरीचा भाव कोसळतो, सोयाबीनचा कोसळतो, उसाला निदान ठरलेला दर आहे आणि तोडून नेणारा कारखाना आहे. डोक्यावर कर्ज असलेला माणूस त्याच पिकाकडे जाणार. म्हणून तर हा प्रश्न बाटलीनं सुटणारा नाही, तो भावाचा आहे, धरणातल्या पाण्यावर पहिला हात कुणाचा याचा आहे. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. कागदावर आहे.

जुनी माणसं सांगतात, बहात्तरला खायला नव्हतं, पण विहिरीत पाणी होतं, नदीत झरा खणला तर हंडा भरायचा. त्या दुष्काळात माणसांनी सुकडी खाऊन खडी फोडली, पाझर तलाव बांधले. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं आणि त्या कामातून पुढच्या दुष्काळाचं पाणी साठवायचं, हे या मातीनंच शोधलेलं उत्तर आहे. मग बोअरची यंत्रं आली. २०१६ला लातूरकडे हजार फुटांची भाषा चालली होती. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, हे १९९३च्या कायद्यात होतं. नंतरच्या, २००९च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. हे कायदे गावात किती जणांना ठाऊक आहेत, एवढं एकदा पारावर बसून विचारून पाहा.

जिथे गावानं स्वतःच नियम केला तिथे चित्र बदललं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गाव दरवर्षी पाऊस मोजतं, विहिरींची पातळी मोजतं आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं, मग जनावरं, मग उरेल त्यात कोणतं पीक ते ठरतं. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. त्याच्याही आधी १९७४मध्ये पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरत नव्हता, माणसांवर ठरत होता. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. मला हे सगळं बंधाऱ्यापेक्षा मोठं वाटतं. बंधारा देणगीतून बांधता येतो. शेजाऱ्याला "तू ऊस लावू नकोस" असं तोंडावर सांगण्याची ताकद देणगीतून येत नाही.

ही गोष्ट गरीब देशांचीच आहे असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या टुलारे काउंटीत ईस्ट पोर्टरव्हिल नावाची शेतमजुरांची वस्ती आहे. २०१४च्या दुष्काळात तिथल्या शेकडो घरांच्या विहिरी आटल्या. सुरुवातीला स्वयंसेवकांनी आणि मग काउंटीनं घरोघर बाटल्या वाटल्या. मग कित्येक अंगणांत साडेनऊ हजार लिटरच्या टाक्या आल्या, त्या टँकरनं भरल्या जाऊ लागल्या. आणि २०१६ ते २०१८ या काळात सातशेहून अधिक घरं शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या नळाला जोडली गेली. कॅलिफोर्नियानं आपला भूजल कायदाही २०१४मध्येच केला. तिथे बाटली ही पहिली पायरी होती, म्हणून ती शोभली. आपल्याकडे तीच पायरी दर तीन-चार वर्षांनी पुन्हा पुन्हा चढली जाते.

एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी आम्ही पारावर वाटप केलं, कारण टेम्पो तिथपर्यंत गेला. बौद्धवस्ती तिथून अर्ध्या किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे होती. आम्ही उरलेली खोकी घेऊन तिकडे निघेपर्यंत दोनच शिल्लक होती. चोवीस बाटल्या. तिथली घरं चाळीसच्या वर. एक तरुण पुढे येऊन शांतपणे म्हणाला, "ताई, टँकरचंही असंच होतं." मी शाळेत शिकले होते की जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. दोन्हीत मुद्दा घोटभर पाण्याचा नव्हता, पाणवठ्यावरच्या हक्काचा होता. दान जिथे उतरतं तिथल्या रचनेतूनच वाहतं. गावात जो पाराजवळ राहतो त्याला ते आधी मिळतं. मी माणुसकीनं गेले आणि न कळत तीच रांग पुन्हा लावून आले.

२०१९ला पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही जानेवारीतच गावाला फोन केला आणि काय हवं ते विचारलं. त्यांनी सांगितलेल्या यादीत बाटली नव्हती. नळयोजनेचं वीजबिल थकलं होतं, म्हणून मोटर बंद होती. विहिरीत थोडं का होईना पाणी होतं, उपसायला वीज नव्हती! गोळा केलेले पहिले पैसे त्या बिलात गेले. त्याची पावती दाखवून देणग्या मागणं अवघड गेलं, लोकांना वीजबिलासाठी पैसे द्यायला आवडत नाही. मग पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या, तोट्या लावलेल्या, सिमेंटच्या ओट्यावर बसवल्या. पहिली टाकी ओढ्यापलीकडच्या वस्तीत बसवायची ही आमची अट होती. त्यावरून पारावर दोन तास बोलाचाली झाल्या, मग गाव तयार झालं. जनावरांसाठी एक हौद झाला. एप्रिलमध्ये बहात्तरच्या काळातल्या पाझर तलावातला गाळ काढला. डिझेल आमचं, ट्रॅक्टर गावाचे, आणि गाळ ज्यानं त्यानं आपल्या रानात नेऊन टाकला. जूनच्या शेवटी पाऊस झाला आणि तळ्यात पाणी थांबलं.

आजी तोवर गेल्या होत्या. म्हैस त्यांच्या मुलानं २०१६लाच विकली होती, आम्ही जाऊन आल्यानंतर तीन आठवड्यांनी.

आणि तलावाखाली पाणी थांबल्यावर पुढच्याच हंगामात, गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, दोन एकर ऊस उभा राहिला. लावणारा माणूस भला आहे, गाळ काढताना स्वतःचा ट्रॅक्टर त्यानं फुकट दिला होता. ग्रामसभेत विषय निघाला आणि कुणीच बोललं नाही. मीही तिथे होते. पुण्यात राहणाऱ्या, दोन्ही वेळ नळाला पाणी असलेल्या बाईनं त्याला काय सांगावं, हे मला सुचलं नाही. सरपंचबाईंनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. तो अजून निघालेला नाही, आणि विहिरीची पातळी मोजून तिथल्या शाळेतल्या बाई दर महिन्याला मला कळवतात.